गुलमर्गचा उतार आणि आमचे सात जणांचे कुटुंब

बर्फ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, तो काश्मीरात फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या खेड्यांतून बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी. ती फोडून मासळीवर पसरावी, लग्नाच्या मांडवात सरबताच्या पिंपात सोडावी, जत्रेत किसून तिचा रंगीत गोळा करावा, एवढीच आपली तिच्याशी ओळख. आकाशातून पडणाऱ्या बर्फास आपले जुने लेखक हिम म्हणत. काश्मिरी माणूस त्यास ‘शीन’ म्हणतो. हे शीन लादीसारखे कठीण नसते आणि थंडी कडक असली म्हणजे ओलेही नसते. मुठीत धरले तर पिठासारखे सुटून जाते. आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस कौले बडवीत येतो. आषाढात शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येऊ नये, असा त्याचा गजर असतो. हिम मात्र रात्रभर पडत राहते आणि सकाळी दार उघडेपर्यंत घरातल्या माणसास त्याचा पत्ता लागत नाही.

अशा हिमाच्या उतारावरून पायांस दोन लांब फळ्या बांधून घसरत जाण्याच्या खेळास स्कीइंग म्हणतात. हा युरोपातील धनिकांचा खेळ, आपण त्याची चित्रे पाहावी आणि कॅलेंडराचे पान उलटावे, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि भारतातच चारपाच ठिकाणी हा खेळ शिकवितात, आणि जागा नीट पारखून घेतली तर बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबासही आयुष्यात एकदा तो परवडण्यासारखा आहे. पारख कशाची करावयाची, हे आमच्या अनुभवावरून येथे सांगत आहोत.

आमचे धाकटे बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून २०२२ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले. नोकरीत असताना काश्मीरात त्यांस स्कीइंगचे शिक्षण मिळाले होते आणि त्यात ते तरबेज झाले होते; परंतु हे आम्हांस केवळ ऐकून ठाऊक. चोवीस वर्षांत भावजय एकदाही त्या मुलखात गेली नव्हती. हिवाळ्यात आठ-आठ दिवस फोन आला नाही की वर बर्फ पडला असेल असे समजावे आणि जपमाळ हाती घ्यावी, एवढाच तिचा बर्फाशी संबंध. निवृत्तीचा पैसा आला, घराची कौले नवी झाली, मुलांच्या नावे ठेव ठेवली, आणि उरलेल्या रकमेचे काय करावे असा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “अहो, तो बर्फ मला एकदा दाखवा. मग काही मागणार नाही.”

आता मंडळी किती? बंधू निष्णात. भावजय निसरड्या अंगणातदेखील जपून चालणारी. पुतण्या पंधरा वर्षांचा, त्याला डोंगराच्या टोकाखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. पुतणी नऊ वर्षांची. आमच्या घरच्या मंडळींची एकदा तरी फळ्या बांधून पाहण्याची तयारी होती. आम्हांस स्वतःस रक्तदाबाचा विकार. आणि आई एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी, तिचे पहिले वाक्य, “मी काय करू तिथं? माझ्या तिकिटाचे पैसे वाचवा.” अशा सात जणांनी एकाच ठिकाणी जावे, प्रत्येकास काही मिळावे आणि कर्ज होऊ नये, असा हा प्रश्न होता.

पुतण्याने मोबाइलवरून सर्वांत उंच उतार कोठे आहेत याची यादी काढली. बंधूंनी ती पाहिली आणि एवढेच म्हणाले, “सगळ्यांत उंच जागा कुठली ते नंतर बघू. आई बसेल कुठं ते आधी सांग.” त्या वेळी आम्हांस हे बोलणे विनोदाचे वाटले, पण पुढे सर्व निवड याच एका प्रश्नावर झाली, आणि दुसऱ्या कोणत्याही कसोटीपेक्षा ती अधिक उपयोगी पडली असे आमचे मत आहे.

उत्तराखंडातील औली हे पहिले नाव आमच्या मनात होते. चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर हे उतार आहेत. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवीचे शिखर उभे असते. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा येथे झाल्या. गढवाल मंडल विकास निगम या सरकारी संस्थेचे सात दिवसांचे व चौदा दिवसांचे वर्ग येथे चालत आले आहेत, आणि त्यांच्या शुल्कात राहणे, जेवण, फळ्या, बूट आणि शिक्षक हे सर्व येते. एकट्यादुकट्या तरुणास याहून स्वस्त सोय मिळणे कठीण. मुख्य उतार एकच, रुंद आणि सारखा केलेला, म्हणून थोडे शिकलेल्या माणसास फार सोयीचा. परंतु ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटरांचा डोंगरी रस्ता, पुरा एक दिवस गाडीत. आईचा तर चोर्ले घाटातच जीव कासावीस होतो. तशात २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली, शेकडो घरांस तडे गेले आणि जोशीमठहून औलीस जाणारा सुमारे चार किलोमीटरांचा रोपवे बंद करण्यात आला. ज्या गावातील कुटुंबे आपली घरे सोडून निवाऱ्यास जात होती, त्या गावातून खेळावयास जाणे आमच्या मनास येईना. औलीचे नाव तेथेच मिटले. आज कोणी जाऊ म्हणेल तर त्याने त्या रोपवेची स्थिती आधी विचारून घ्यावी.

मनालीजवळची सोलंग दरी सर्वांत स्वस्त पडली असती. दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली, तेथून तेरा-चौदा किलोमीटरांवर सोलंग. मनालीत सर्व किमतींची हॉटेले आहेत. १९६१ पासून तेथे गिर्यारोहणाची सरकारी संस्था आहे आणि ती स्कीइंगही शिकविते. परंतु बंधूंचे म्हणणे असे की, हंगामात त्या उतारावर फळ्यांपेक्षा माणसेच अधिक असतात; कोणी टायरवर बसून घसरतो, कोणी घोड्यावरून फोटो काढवितो, आणि नवशिक्याने वाट काढावी तरी कोठून? दोन दिवस हिमात खेळून यावयाचे असेल तर सोलंग उत्तम. सिमल्याकडील कुफरी आणि नारकंडा यांविषयीही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल.

राहिले गुलमर्ग. बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटरांवर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर हे एक बशीसारखे माळ आहे. हॉटेले, दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि शिकाऊ लोकांचे उतार हे सर्व त्या एकाच बशीत. आपल्या गावच्या खळ्याभोवती घरे असावीत तसे. घरातील एकजण फळ्या बांधून धडपडत आहे आणि दुसरा शंभर पावलांवर उन्हात बसून त्यास पाहत आहे, असे येथेच शक्य होते. आणि निष्णात माणसासाठी याच माळावरून तारेच्या पाळण्यांची वाट सुरू होते. तिचा पहिला टप्पा १९९८ साली खुला झाला. तो सुमारे ३,१०० मीटरांवरील कोंगदूरीपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ सालचा. तो अफरवत पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरांवर नेऊन सोडतो. म्हणजे बंधूंची सोय वर, नवशिक्यांची खाली, आणि आईची बाक टाकून मध्ये. गुलमर्गात उणीव आहे ती मधल्या पायरीची. अगदी सोपे उतार पुष्कळ, अगदी बिकट उतार वाटेल तितके. पण थोडे शिकून झाल्यावर जावे असे बेताचे उतार कोंगदूरीच्या आसपास काय ते आहेत. ज्यांच्या घरी चारपाच मध्यम शिकलेली माणसे आहेत, त्यांस आम्ही औलीच सुचवू.

खर्चाचा हिशेब आम्ही वहीत चार रकाने करून मांडला होता: प्रवास, राहणे, फळ्या-बूट, आणि शिक्षक. या चारांत लोक तिसऱ्या रकान्याची धास्ती घेतात, आणि खरा खर्च पहिल्या दोहोंत होतो. दिल्लीपर्यंत बेळगावहून गोवा एक्सप्रेस. त्यापुढे मात्र आम्हांस विमान घ्यावे लागले, कारण जम्मू-श्रीनगर महामार्ग हिवाळ्यात दरडी कोसळून केव्हा बंद होईल याचा नेम नसतो आणि आमच्या परतण्याच्या दिवसावर बंधन होते. २२ फेब्रुवारीस राखेचा बुधवार होता. तिकिटे आधी काढली म्हणून जमले. आता हा रकाना पुष्कळ हलका झाला आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर ही आगगाडी सुरू झाली. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून ती जाते. म्हणजे आपल्या स्टेशनावरून निघालेले कुटुंब गाड्या बदलत, पण रुळांवरूनच, थेट काश्मीरच्या खोऱ्यात उतरू शकते.

राहण्याविषयी एक युक्ती पुष्कळजण सांगतात, ती अशी की खाली टंगमर्गला स्वस्तात उतरावे आणि रोज वर जावे. टंगमर्ग ते गुलमर्ग तेरा किलोमीटर. हिम साचले की चाकांस साखळ्या बांधलेल्या गाडीखेरीज दुसरी गाडी वर चढत नाही, आणि तिचे जाण्यायेण्याचे भाडे रोज सात माणसांचे धरले तर हॉटेलातील बचत तेथेच जिरते. शिवाय आईला दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर खोली तेरा किलोमीटर लांब! आम्ही माळावर दोन खोल्या घेतल्या आणि मुक्काम चारच रात्रींचा ठेवला. खोली ठरविताना बुखारीचे, म्हणजे खोलीत ऊब देणाऱ्या लोखंडी शेगडीचे, लाकूड भाड्यात धरले आहे काय हे अवश्य विचारावे. आमच्या हॉटेलवाल्याने ते धरले नव्हते. बंधूंनी त्याच्याशी उर्दूत काय बोलणे केले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून लाकडाची मोळी हिशेबाविना दाराशी येऊ लागली.

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी आम्ही वर पोहोचलो. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा त्या दिवशी आटोपत होत्या आणि माळावर ठिकठिकाणी रंगीत निशाणे होती. भावजय गाडीतून उतरली. पायाखाली हिम दबले आणि नव्या चपलेसारखा करकर आवाज झाला. तिने पुन्हा एक पाऊल टाकले, पुन्हा आवाज झाला. बराच वेळ ती बोललीच नाही, मग पदराऐवजी आता मफलरीचे टोक तोंडाशी धरून तिने बंधूंस विचारले, “इतकं मऊ?”

फळ्या आम्ही तिघांसाठीच भाड्याने घेतल्या: पुतण्या, पुतणी आणि घरची मंडळी. भावजयीने आधी नकार दिला होता; तिच्यासाठी पुढे एका दिवसापुरत्या घेतल्या. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या, चकचकीत फळ्यांचे भाडे अधिक असते आणि नवशिक्यास त्यांचा काडीचा उपयोग नाही; पण बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. बूट टाचेस घट्ट बसला पाहिजे, बोटे मात्र मोकळी हलली पाहिजेत. बूट फळीस ज्या पकडीत बसतो, ती पकड माणूस जोरात पडला की आपोआप सुटते आणि म्हणून पाय मोडत नाही. ती किती जोराने सुटावी हे घालणाऱ्याच्या वजनावर व बुटाच्या लांबीवर बेतून फिरवून घ्यावे लागते. म्हणून एकाच्या फळ्या दुसऱ्याने तशाच घालू नयेत. दोघांत एक जोड घेऊन पैसे वाचविण्याचा विचार आमच्याही मनात आला होता, तो बंधूंनी हाणून पाडला. कपड्यांविषयी इतकेच की अंगाशी सुती कापड नको. ते घामाने भिजते आणि मग वाळत नाही. लोकर असली तर ती आत घालावी. काळा चष्मा मुलांसही हवा, कारण हिमावरून परतलेले ऊन वरच्या उन्हापेक्षा अधिक बाधते.

शिक्षक एकच ठरविला, टंगमर्गकडचा एक तिशीतला काश्मिरी तरुण. हिवाळ्याचे तीन महिने त्याने शिकवावे आणि उन्हाळ्यात घोडी हाकावीत. बंधू स्वतः निष्णात असताना शिक्षकाचे पैसे कशास, असे आम्ही म्हटले, तेव्हा त्यांनी हसून विचारले, “तुम्ही वहिनींना सायकल शिकवली होती, आठवतं?” आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. आपल्याच माणसाकडून शिकताना शिकणारा रुसतो आणि शिकविणारा रागावतो, हे आमच्या घरी सिद्ध झालेले आहे.

पहिला धडा पडण्याचा आणि उठण्याचा. दुसरा थांबण्याचा. फळ्यांची पुढली टोके एकमेकांजवळ आणावयाची, मागली फाकवावयाची, म्हणजे वरून पाहता नांगराच्या फाळासारखा आकार होतो. आतल्या कडा हिमात रुततात आणि वेग मरतो. नांगर हेच या युक्तीचे नाव आहे हे ऐकून आईला मोठी मौज वाटली. “मग हे आपल्यालाच यायला पाहिजे,” ती म्हणाली. तिसरा धडा वळणाचा. उतारावरून नाकासमोर खाली सुटावयाचे नसते. चोर्ले घाटाचा रस्ता जसा वळणे घेत गोव्याकडे उतरतो, तसे आडवे जात, वळत, पुन्हा आडवे जात उतरावयाचे. जितका आडवा जाल तितका वेग कमी. पुतणी दुसऱ्या दिवशी दुपारी वळू लागली. लहान मुलांचे डोके जमिनीपासून दूर नसते, त्यामुळे पडण्याचे भय त्यांस कमी असते. पुतण्या बळाने शिकू पाहत होता, म्हणून त्यास एक दिवस अधिक लागला. घरच्या मंडळींनी एक तास पडून घेतले, मग फळ्या सोडल्या आणि आईशेजारी बसून घेतले. त्यांच्या त्या एका तासाचे वर्णन करण्याची आम्हांस परवानगी नाही.

आईची बैठक उताराच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीपुढे जमली. टपरीवाल्याने तिला कांगडी दिली. वेताच्या टोपलीत मातीचे भांडे आणि त्यात निखारे. काश्मिरी माणूस ती फिरनच्या आत पोटाशी धरून बसतो. आईने ती उलटसुलट पाहिली, निखाऱ्यांवर राख कशी पसरावी हे तिने टपरीवाल्यास हातवाऱ्यांनी समजावले, आणि त्याने ते आदराने ऐकून घेतले. त्या दिवसापासून सर्वांचे साधे बूट, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याचे लाडू तिच्या बाकाखाली जमू लागले. साडेबारा वाजता प्रत्येकाने तेथे यावे असा नियम झाला. कोण किती वेळा पडले याचा हिशेब तिच्यापाशी असे, आणि तो आमच्या खर्चाच्या वहीपेक्षा चोख होता.

माळावर एका उंचवट्यावर १९०२ साली बांधलेले सेंट मेरीज हे दगडी चर्च आहे. ते आपल्या पंथाचे नव्हे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. एका संध्याकाळी आम्ही तेथवर चालत गेलो. दार बंद होते. बाहेर उभे राहूनच प्रार्थना केली. छपरावरचे हिम एकदा घसरून धप्पकन खाली आले आणि पुतणी दचकली.

त्या आवाजानेच तो विषय निघाला, जो आम्ही मुलांपुढे काढला नव्हता. आम्ही येण्याच्या पंधरा दिवस आधी, १ फेब्रुवारीस, अफरवतच्या उतारावर हिमलोट कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले होते. पुतण्यास ते ठाऊक होते. तरीही दुसऱ्या टप्प्यावर जाण्याचा त्याचा हट्ट सुटत नव्हता. इतक्या लांब येऊन वरच गेलो नाही तर मित्रांस काय सांगू, असे त्याचे म्हणणे. बंधूंनी त्या रात्री बुखारीपाशी बसून त्यास समजावले ते असे. हिम थराथराने साचते. खालचा जुना थर उन्हाने व थंडीने कठीण झालेला असतो. वर नवा जड थर पडतो आणि तो खालच्यास नीट धरत नाही. ओल्या जमिनीवर पेंढ्यांची गंजी रचावी आणि ती उभी दिसावी, पण कोणी टेकला की घसरावी, तसे हे. एका माणसाचे वजनदेखील त्यास पुरते. तीसपासून पंचेचाळीस अंशांपर्यंतचे उतार यास सर्वांत धोक्याचे, आणि वर अफरवतला तसलेच उतार आहेत. तेथील गस्तीचे पथक काही भाग तपासून खुला करते. त्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यास कोणी वाली नाही. मग थोडे थांबून त्यांनी सांगितले की, २०१० च्या ८ फेब्रुवारीस याच डोंगरावर, खिलनमर्ग येथे, शिकावयास आलेले सतरा जवान हिमाखाली गेले. “ते काही नवशिके नव्हते.” बंधू त्या वर्षी काश्मीरातच होते. तेरा वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात काढली नव्हती. भावजय उठली आणि बुखारीत लाकूड घालू लागली, जरी त्याची गरज नव्हती.

उंचीचाही विचार होताच. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारे बहात्तर टक्के गुलमर्गच्या माळावर आणि साठ-एकसष्ट टक्के वरच्या टप्प्यावर असतो. आमच्या डॉक्टरांनी निघताना माळापर्यंत मोकळीक दिली होती, त्यावर नाही. दुसऱ्या टप्प्याचे तिकीट आमच्यापैकी कोणीच काढले नाही. वारा सुटला की तो टप्पा तसाही बंद असतो.

पुतण्याशी करार झाला तो असा की, उतारावर कोठेही असता वडिलांनी “थांब” म्हटले की घराच्या पडवीइतक्या अंतरात थांबता आले पाहिजे. ते जमले तर पहिल्या टप्प्यावर त्यांच्याबरोबर. शुक्रवारी दिवसभर माळावर “थांब, थांब” एवढेच ऐकू येत होते. टपरीवाल्याची मुलेही ओरडू लागली. संध्याकाळी तो सलग पाच वेळा थांबला.

शनिवारी सकाळी आम्ही सर्वजण पाळण्यातून कोंगदूरीस गेलो. आईसुद्धा. एका पाळण्यात सहा माणसे बसतात. खाली देवदारांची हिमाने वाकलेली डोकी सरकत होती आणि आईने डोळे मिटून अर्धी जपमाळ संपविली. वर आकाश स्वच्छ होते. उत्तरेकडे दूरवर एक पांढरा डोंगर सर्वांहून वेगळा उभा होता. तो ८,१२६ मीटरांचा नंगा पर्वत, असे बंधूंनी दाखविले. पुतण्या तेथल्या बेताच्या उतारावर वडिलांच्या मागोमाग तीन वेळा उतरला आणि तिसऱ्या वेळी तर एकदाही पडला नाही.

मग बंधूंनी विचारले, “मी एकदा खाली जाऊन येऊ?” कोणीच काही बोलेना, तेव्हा भावजय म्हणाली, “जा की. त्यासाठीच तर आलो.” आमचा शिक्षक त्यांच्याबरोबर निघाला, खुला असलेला मार्ग कोणता ते त्याने खात्री करून घेतले होते. आम्ही पाळण्याने खाली आलो आणि आईच्या बाकापाशी उभे राहिलो. झाडांच्या रांगेतून प्रथम शिक्षक बाहेर पडला, त्यामागून बंधू. ते घरात चालतात तसे किंचित पुढे झुकून, हात कोपरांत वाकवून येत होते, आणि हिमावर त्यांची वळणे एकामागून एक, सारख्या अंतराने, कोणी हाताने ओवी टाकावी तशी उमटत होती. आवाज काही नाही. शेवटचे वळण घेऊन ते भावजयीपुढे उभे राहिले. दाढीस हिम लागले होते. चोवीस वर्षे हा माणूस हिवाळ्यात काय करीत होता ते तिने आता पाहिले. ती म्हणाली, “एवढंच होतं होय? मग मला इतकी वर्षं भीती कशाला घातलीत?” आणि तोंड फिरवून मुलीचे मोजे शोधू लागली. दुपारी तिनेच स्वतःहून फळ्या मागितल्या, आणि तास-दीड तास बंधू तिच्यापुढे उलटे चालत, दोन्ही हात धरून, तिला त्या सर्वांत लहान उतारावरून खाली आणीत राहिले. त्या वेळी शिक्षकास त्यांनी चहा पिण्यास पाठविले होते.

ज्यांस जावयाचे असेल त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. हिमाचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस काश्मिरी लोक चिल्लई कलान म्हणतात आणि तो काळ कडक थंडीचा मानला जातो; पण २०२४ चा जानेवारी जवळजवळ सगळा कोरडा गेला, गुलमर्गचे माळ तपकिरी पडले होते, आणि २०२५ साली तर हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून निघण्याआधी आठवडाभर हवामान पाहावे आणि शक्य तर परत न मिळणाऱ्या पैशांचे आरक्षण करू नये. दुसरी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस माणसांस ठार मारण्यात आले, आणि त्यानंतर काश्मीरातील पुष्कळ ठिकाणे काही काळ बंद होती. त्या त्या वेळची स्थिती विचारल्याशिवाय मुलाबाळांस घेऊन निघू नये. आम्हांस तेथे जी माणसे भेटली, त्यांची रोजी मात्र आपल्यासारख्यांच्या येण्यावरच अवलंबून आहे, हेही सांगितले पाहिजे. चहाच्या टपरीवाल्याने शेवटच्या दिवशी आईकडून पैसे घेतले नाहीत. आईने उरलेले लाडू त्याच्या मुलांस दिले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही श्रीनगरास उतरलो. रविवारी मौलाना आझाद मार्गावरील होली फॅमिली चर्चमध्ये मिस्सास गेलो. आईने वाटेत आम्हांस विचारले, ती बर्फात गेलेली माणसे कोणत्या देशाची होती? आम्ही सांगितले, पोलंडची. पोप जॉन पॉल दुसरे ज्या देशाचे, त्या. १९८६ साली ते गोव्यात आले होते तेव्हा आई पणजीस जाऊन दुरून त्यांस पाहून आली होती. तेही तरुणपणी आणि पोप झाल्यावरही फळ्या बांधून डोंगर उतरत, हे बंधूंनी तिला सांगितले. तिचा विश्वास बसेना. “पोपसाहेब? असे? नांगर करून?” मिस्सानंतर तिने त्या दोघांसाठी आणि त्या सतरा जणांसाठी मेणबत्ती लावली.

सोमवारी दुपारी दिल्लीत गोवा एक्सप्रेस धरली आणि बुधवारी उजाडण्यापूर्वी बेळगावास उतरलो. संध्याकाळी गावच्या चर्चमध्ये राखेच्या विधीस सातही जण हजर होतो. पुतण्याने चष्मा काढून फिरण्याचा हट्ट केला होता, त्यामुळे त्याचे नाक सोललेले होते आणि डोळ्यांभोवती लाल कडी पडली होती. कपाळास राख लावताना फादर क्षणभर थांबले, त्यांनी त्याच्याकडे दोनदा पाहिले, आणि मग आमच्याकडे.